धावण्याची मनाई: एका वैद्यकीय सल्ल्याचा इतिहास

१९५० च्या दशकात मँचेस्टरच्या एका रुग्णाचा खुबा करकरत असे. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी काढलेला ॲक्रिलिकचा गोळा त्याच्या मांडीच्या हाडाला बसवलेला होता. दुखणे गेले होते. पण तो जरा पुढे वाकला की सांध्यातून असा आवाज निघे, की बायको जेवण टाकून दुसऱ्या खोलीत निघून जाई. डॉक्टरांच्या गप्पांमध्ये ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली गेली असती. जॉन चार्नली या अस्थिरोगतज्ज्ञाला मात्र ती ऐकून झोप लागेना. आवाज येतो म्हणजे घर्षण आहे. घर्षण आहे म्हणजे प्रत्येक पावलाला तो गोळा हाडातून पिळवटून निघतो आहे. म्हणजे आज ना उद्या तो सैल होणार.

आज खुबा किंवा गुडघा बदलून घेतलेला साठीतला माणूस टाके काढायला येतो तेव्हा हळूच विचारतो, ‘डॉक्टर, पुन्हा पळता येईल का?’ गेली पन्नासेक वर्षे या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. चाला, पोहा, सायकल चालवा, पण पळू नका. ऐकणाऱ्याला वाटते की आपले वय झाले, पायात दम उरला नाही, म्हणून हे बंधन आहे. खरे कारण वेगळे आहे. ही मनाई पायावर कधीच नव्हती. ती सांध्यात बसवलेल्या काही मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकवर होती. त्या प्लास्टिकचा इतिहास सांगितला की या सल्ल्याचा इतिहास आपोआप सांगून होतो.

सांधा बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न बर्लिनमध्ये झाला. १८९० साली थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने सडलेल्या गुडघ्यांच्या जागी हस्तिदंती सांधे बसवले. सुरुवातीला यश आले, मग त्याच क्षयाच्या जंतूंनी सगळे पोखरले. पुढे १९२३ मध्ये बोस्टनचे मारियस स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या गोळ्यावर काचेची टोपी घातली. काच गुळगुळीत होती, पण अंगाचा भार पडताच फुटत होती. १९३८ मध्ये त्यांनी व्हायटॅलियम हा मिश्रधातू वापरायला घेतला. दातांच्या डॉक्टरांकडे तो आधीपासून होता. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी वाटी आणि गोळा दोन्ही पोलादाचे करून काही रुग्णांना बसवले. मग युद्ध आले आणि ते काम तिथेच राहिले. हस्तिदंत, काच, पोलाद, ॲक्रिलिक असे सगळे करून झाले. शरीर ते सहन करील का, एवढाच प्रश्न तोवर विचारला गेला होता. ते झिजेल किती, हे कोणी मोजले नव्हते.

चार्नलींनी ते मोजायला घेतले. त्यांचा जन्म १९११ सालचा, लँकेशायरमधल्या बरी गावचा. यंत्रांची त्यांना लहानपणापासून ओढ होती. कापून काढलेल्या पायातला ताजा मानवी गुडघा मिळवून त्यांनी त्यातले घर्षण तपासले, तेव्हा निसर्गाचा सांधा बर्फावर घसरणाऱ्या पोलादापेक्षाही निसरडा आहे असे दिसले. तितके निसरडे काही माणसाने बनवले आहे का, याचा शोध घेताना त्यांच्या हाती टेफ्लॉन लागले. खुब्याचा सांधा उखळीचा. त्याची उखळ टेफ्लॉनची करायची आणि गोळा पोलादाचा. गोळा लहान ठेवला तर पिळवटण्याचा जोर कमी होतो, हे गणित त्यांनी मांडले. सांधा हाडात घट्ट बसवायला दातांच्या कवळ्या बनवतात ते ॲक्रिलिकचे सिमेंट घेतले. हे साहित्य सुचवले मँचेस्टरच्या दंतवैद्यक विभागातल्या डेनिस स्मिथ यांनी.

विगनजवळच्या राइटिंग्टन इस्पितळात हे सगळे चालले होते. ते मुळात क्षयरोग्यांचे आरोग्यधाम. औषधे आली, क्षय ओसरला, खाटा रिकाम्या झाल्या आणि चार्नलींना तिथे जागा मिळाली. १९५८ पासून पुढच्या चार वर्षांत सुमारे तीनशे रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या. वर्षानुवर्षे कुबड्यांवर असलेली माणसे काही आठवड्यांत चालू लागली. १९६१ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला आणि जगभरच्या सर्जनांचे लक्ष त्या आडगावाकडे वळले.

आणि मग दुखणी परत यायला लागली. क्ष-किरण चित्रांत दिसत होते की पोलादाचा गोळा टेफ्लॉन खात आत रुतत चालला आहे. सांधा उघडला की आत पिठूळ, दह्यासारखा गाळ सापडे. तो जंतूंचा पू नव्हता. झिजून पडलेल्या टेफ्लॉनच्या कणांवर शरीराने केलेला हल्ला होता. खात्री करायला चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले आणि तिथे गाठी उठल्याचे पाहून ते छापले. तीनशे माणसांचे सांधे आता एकामागून एक काढावे लागणार होते. ती ऑपरेशने त्यांनी बहुतांश स्वतःच केली.

१९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता राइटिंग्टनच्या कार्यशाळेत आला. त्याच्याकडे एका नव्या, अतिशय घट्ट वीण असलेल्या पॉलिएथिलीनचा तुकडा होता. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांची दातेरी चाके त्यापासून बनत होती. चार्नलींनी त्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले, ‘यात वेळ घालवू नकोस’ अशा अर्थाचे काही बोलून ते निघून गेले आणि पुढे कोपनहेगनला रवाना झाले. कार्यशाळेचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र रात्रंदिवस फिरले. टेफ्लॉन जेवढे एका दिवसात झिजे, तेवढेही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजले नव्हते. चार्नली परत आले, यंत्रापुढे उभे राहिले आणि बाकीची सगळी कामे बाजूला सारली. त्याच नोव्हेंबरात पहिली पॉलिएथिलीनची वाटी माणसाच्या खुब्यात बसली. आज होणारी बहुतेक सांधेबदलाची ऑपरेशने त्या वाटीची वंशज आहेत.

टेफ्लॉनने पोळलेले चार्नली आता ताकही फुंकून पीत होते. सुरुवातीला शेकडा सात-आठ रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग होई. त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली उभारली आणि ते प्रमाण एकच्याही खाली आणले. आपल्याकडे येऊन शिकल्याशिवाय कोणा सर्जनला सांधा मिळू द्यायचा नाही, हा नियम त्यांनी काही वर्षे पाळला. रुग्णांकडून त्यांनी आणखी एक वचन घेतले होते: मृत्यूनंतर तो सांधा अभ्यासासाठी परत द्यायचा. कित्येकांनी आनंदाने होकार दिला. अशा परत आलेल्या वाट्यांवरून आणि क्ष-किरण चित्रांवरून झीज मोजली गेली. ती वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटर होती.

ही संख्या पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. वर्षाला दशांश मिलिमीटर म्हणजे वीस वर्षांत दोन मिलिमीटर. सत्तरीच्या, घरातल्या घरात चालणाऱ्या बाईंना तेवढे पुरेसे होते. चार्नलींचे रुग्ण असेच होते. आमवाताने जखडलेले, दुखण्याने रात्र रात्र जागणारे. ते आपल्या रुग्णांचे तीन गट करत: एकच खुबा बिघडलेला ‘अ’, दोन्ही खुबे बिघडलेला ‘ब’, आणि इतर कारणांनीही चालणे अवघड झालेला ‘क’. यातल्या कोणाला शर्यतीत उतरायचे नव्हते. अंगाने धडधाकट, कामाधामाच्या तरुण माणसाला हा सांधा द्यायला चार्नली कचरत, कारण तो ते प्लास्टिक किती वापरील याचा नेम नव्हता.

म्हणजे धावण्याची मनाई कोणी वेगळी घातली नव्हती. ज्यांना धावायचे आहे त्यांना सांधाच द्यायचा नाही, अशी ती होती.

गुडघ्याची गोष्ट थोडी उशिरा सुरू होते, पण तीही राइटिंग्टनच्या अंगणातून जाते. कॅनडाहून तिथे शिकायला आलेल्या फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये खुब्याचेच धातू-प्लास्टिकचे तंत्र गुडघ्याला लावून पाहिले. गुडघा साध्या बिजागरीसारखा हलत नाही. वाकताना तो घरंगळतो आणि घसरतोही. हे ध्यानात घेऊन १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत ‘टोटल कंडायलर’ गुडघा तयार झाला. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल, अभियंता पीटर वॉकर आणि इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून अमेरिकेत गेलेले चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला आणि पुढच्या जूनमध्ये उजवा. टीव्हीवर रोज बातम्या होत्या. तोवर ‘म्हातारपण आहे, सोसायचे’ म्हणणाऱ्या अनेक मराठी घरांत त्या दिवसांत आजीच्या गुडघ्यांविषयी पहिल्यांदा गंभीर बोलणे झाले.

दरम्यान दुसरीकडे एक लाट उठली होती. ओरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांचे ‘जॉगिंग’ हे पुस्तक १९६७ मध्ये आले. न्यूयॉर्क मॅरेथॉन १९७० मध्ये सुरू झाली तेव्हा सव्वाशेच्या आसपास माणसे धावली. दहा वर्षांत तिथे हजारो धावू लागली. जिम फिक्स यांच्या १९७७ च्या पुस्तकाने जॉगिंग घराघरांत नेले. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ ची, मुंबईची २००४ ची. पस्तिशी-चाळिशीत धावायला लागलेली ही पिढी म्हातारी होणार होती, तिच्यातल्या काहींचे सांधेही झिजणार होते, आणि आमवाताच्या रुग्णासारखी ती ‘दुखणे गेले, बस झाले’ म्हणणारी नव्हती.

नेमक्या त्याच वेळी सर्जनांची चिंता वाढत होती. १९७० च्या दशकात बसवलेले सांधे दहा-पंधरा वर्षांनी सैल पडताना दिसू लागले. सांध्याभोवतीचे हाड जागोजागी विरघळल्यासारखे पोकळ होई. आधी आळ सिमेंटवर आला आणि बिनासिमेंटचे सांधे बाजारात आले. पोकळ्या तरीही पडतच राहिल्या. बोस्टनचे विल्यम हॅरिस आणि इतरांच्या कामातून हळूहळू खरा चोर सापडला: पॉलिएथिलीनचे सूक्ष्म कण. प्रत्येक पावलाला हजारोंनी सुटणारे हे कण शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या चिडतात आणि त्यांच्या त्राग्यात शेजारचे हाड खाल्ले जाते. चार्नलींच्या मांडीतल्या गाठींची ही मोठी आवृत्ती होती.

मग याद्या आल्या. १९९५ साली मेयो क्लिनिकच्या २८ सर्जनांना विचारले गेले की सांधा बदललेल्याने कोणते खेळ खेळावेत. गोल्फ, पोहणे, सायकल, नौकाविहार चालेल. धावणे, फुटबॉल, बास्केटबॉल, कराटे नको, असे बहुमत पडले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या हिप सोसायटीच्या सर्जनांना विचारले तेव्हाही जॉगिंग ‘नको’च्याच रकान्यात राहिले. जगभरच्या दवाखान्यांत रुग्णाच्या हातात पडणाऱ्या सूचनापत्रकांवर पुढची अनेक वर्षे अशाच याद्यांची छाया होती. गंमत अशी की त्या यादीमागे धावणाऱ्या रुग्णांचा अभ्यास नव्हताच. धावणारे रुग्णच नव्हते, तर अभ्यास कोणाचा करणार? ती अनुभवी माणसांची मते होती, आणि त्या मतांमागे झिजलेल्या वाट्यांचा ढीग होता.

एका बाजूला मते, तर दुसऱ्या बाजूला मोजमाप सुरू झाले. बर्लिनच्या जॉर्ज बर्गमन यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यातच भार मोजणारी यंत्रणा आणि बिनतारी प्रक्षेपक बसवले. रुग्ण चालत असताना सांध्यावर किती भार येतो, ते बाहेर बसून वाचता येऊ लागले. १९९३ मध्ये त्यांनी छापलेले आकडे असे: सावकाश चालताना शरीराच्या वजनाच्या जवळपास तिप्पट, झपझप चालताना त्याहून बरेच जास्त, जॉगिंगला साडेपाचपटीच्या घरात. मापन चालू असताना एक रुग्ण अडखळला आणि त्या क्षणाला भार सातपटीच्या वर गेला. पुढे कॅलिफोर्नियात डॅरिल डिलिमा आणि क्लिफर्ड कोलवेल यांनी असाच बोलका गुडघा बसवला. सायकल चालवताना त्यावर अंगाच्या वजनाइतकाच भार येत होता. आणि प्रत्येक यादीत ज्याला हसत हसत परवानगी होती त्या गोल्फमध्ये, फटका मारताना पुढच्या गुडघ्यावर येणारा भार जॉगिंगच्या तोडीचा निघाला.

फरक फेऱ्यांचा होता. गोल्फच्या खेळात असे फटके काही डझन. जॉगिंगमध्ये पावले हजारोंनी. लॉस एंजेलिसचे टॉमस श्माल्झ्रीड यांनी सांधा बदललेल्या लोकांच्या कमरेला पावले मोजणारे यंत्र लावले. सरासरी माणूस दिवसाला पाच हजारांच्या आसपास पावले टाकत होता, म्हणजे एका पायाची वर्षाला नऊ लाख आवर्तने. पण काही जण त्याच्या तिपटीने चालत होते. त्यांचा निष्कर्ष सरळ होता: सांधा किती जुना आहे याने तो झिजत नाही, किती वापरला याने झिजतो. वहाण कोपऱ्यात पडून राहिली तर तळवा शाबूत राहतो, तसेच हे. आता हिशोब करा. दहा किलोमीटरच्या जॉगिंगमध्ये एक पाय साधारण पाच हजार वेळा जमिनीवर आदळतो. आठवड्यातून तीनदा पळणाऱ्याच्या सांध्यावर वर्षाला पावणेआठ लाखांची भर पडते, आणि तीही चढ्या भाराची. जुन्या प्लास्टिकला हे परवडणारे नव्हते. यादी लिहिणारे सर्जन भित्रे नव्हते. त्यांच्या काळच्या वाटीपुरते ते बरोबर होते.

मनाई मोडणारे मात्र निघालेच. अमेरिकेत बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल असे दोन्ही खेळ वरच्या पातळीवर खेळणारा बो जॅक्सन जानेवारी १९९१ मध्ये मैदानात पडला. खुब्याला होणारा रक्तपुरवठा तुटला आणि हाड मरत गेले. एप्रिल १९९२ मध्ये त्याचा खुबा बदलला. बरोबर वर्षभराने, एप्रिल १९९३ मध्ये, तो शिकागो व्हाइट सॉक्सकडून मैदानात उतरला आणि परतीच्या पहिल्याच फटक्यावर होमरन मारून धातूच्या खुब्याने मैदानाला फेरी घातली. गोल्फपटू जॅक निकलस यांनी १९९९ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, सिरॅमिकचा खुबा घेतला आणि पुढच्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा खेळल्या. लोकांनी हे टीव्हीवर पाहिले. दवाखान्यातल्या यादीपेक्षा त्याचा परिणाम मोठा झाला.

‘तुम्ही तरुण आहात, खेळाडू आहात, तुमच्यासाठी वेगळा सांधा आहे’ हे वाक्य याच काळात बाजारात आले, आणि त्यातून या इतिहासातले सर्वांत दुखरे प्रकरण घडले. बर्मिंगहॅमचे डेरेक मॅकमिन यांनी १९९० च्या दशकात गोळा पूर्ण न कापता त्यावर धातूची टोपी आणि समोर धातूचीच वाटी बसवण्याचे तंत्र पुन्हा जिवंत केले. १९९७ चा ‘बर्मिंगहॅम हिप’ हा त्याचा नमुना. प्लास्टिकच नाही तर प्लास्टिकची झीजही नाही, असा तर्क होता. योग्य रुग्णांत तो सांधा टिकला. फ्रान्समधल्या लीलच्या सर्जनांनी २०१२ मध्ये दाखवले की असा सांधा घेतलेल्या ३६ धावपटूंपैकी ३३ जण सरासरी सोळा आठवड्यांत पुन्हा धावू लागले. टेनिसपटू अँडी मरेने जानेवारी २०१९ मध्ये हाच मार्ग घेतला आणि ऑक्टोबरात अँटवर्पची स्पर्धा जिंकली.

पण धातूवर धातू घासला की धातूचेच कण सुटतात. यश पाहून अनेक कंपन्या या बाजारात घुसल्या आणि सगळ्यांच्या वाट्यांची घडण सारखी नव्हती. ‘एएसआर’ नावाचा सांधा पाच वर्षांत शेकडा बारा-तेरा रुग्णांत निकामी होत होता. रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम चढत होते, सांध्याभोवतीचे मांस सडत होते. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत वापरला गेला होता, त्यांतले अनेक रुग्ण मुंबईचे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पोलिसांत तक्रार नोंदवली. रुग्णांना भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले. धावण्याची मुभा देणारा म्हणून जो गौरवला गेला, त्याच सांध्याच्या जातीने कित्येकांना साधे चालणेही अवघड करून ठेवले.

मुभा शेवटी आली ती पुन्हा प्लास्टिकच्याच वाटेने, आणि गाजावाजा न होता. पॉलिएथिलीनवर किरणोत्साराचा मारा करून, मग ते तापवून त्याच्या लांबलचक रेणूंना एकमेकांत अडकवायचे, म्हणजे ते सुटून कण होत नाहीत, ही कल्पना हॅरिस आणि एमआयटीचे एडवर्ड मेरिल यांच्या गटांनी पुढे नेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशा वाट्या माणसांत बसू लागल्या. वर्षाला दशांश मिलिमीटर झीज होत होती, ती निम्म्याहूनही खाली, कित्येक अभ्यासांत तर मोजमापाच्या काठावर आली. गोळाही सिरॅमिकचा आला. हाडांतल्या पोकळ्या दुर्मीळ होत गेल्या. चार्नलींपासून सर्जन ज्याला भीत होते, ते कारणच ओसरू लागले.

मग अभ्यास आले, आणि ते एकमेकांशी सहमत नाहीत. मार्सेयच्या सर्जनांनी २०१२ मध्ये आदळआपटीचे खेळ खेळणाऱ्या ७० रुग्णांची तुलना शांत जीवन जगणाऱ्या १४० जणांशी केली. पंधरा वर्षांनी शांत गटातले शेकडा ९३ हून अधिक सांधे टिकले होते, खेळणाऱ्यांचे ८०. पण ते सांधे जुन्या जमान्याचे होते. जपानी सर्जनांनी २०१४ मध्ये खुबा बदललेल्या ६०८ जणांना विचारले. त्यांतले फक्त २३ जण जॉगिंग करत होते. सुमारे पाच वर्षांच्या पाहणीत त्यांच्या सांध्यांत झीज किंवा सैलपणा आढळला नाही. हा दिलासा आहे, पण तो तेवीस माणसांचा आहे. बाकीच्या बऱ्याच जणांना पळण्यात मुळात रसच नव्हता. गुडघ्याबाबत सर्जन अजूनही हात राखून बोलतात. खुबा ही खोल, गोल वाटी आहे. गुडघ्यात धातूचा बाक सपाटसर प्लास्टिकवर घासतो, भार छोट्या जागेवर एकवटतो, आणि तिथे नव्या प्लास्टिकचा फायदा खुब्याइतका ठळक नाही.

महाराष्ट्रात या यादीचे रूपच निराळे आहे. इथल्या सूचनापत्रकावर ‘पळू नका’च्या आधी ‘मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, भारतीय पद्धतीचा संडास वापरू नका’ हे येते. इथला रुग्ण बहुधा साठीपुढची बाई असते आणि तिचा बिघडलेला सांधा गुडघ्याचा असतो. तिला मॅरेथॉन नको असते. तिला पूजेला पाटावर बसायचे असते, नातवाला खाली बसून भरवायचे असते. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ गुडघा घडवला तो इथल्या शरीरांचा आणि इथल्या खिशाचा विचार करून. खिशाचा प्रश्न ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने हाती घेतला: सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची छापील किंमत दीड लाखाच्या पुढे होती, ती ५४,७२० रुपयांवर बांधली गेली. ऑपरेशन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले तसे रुग्णाचे वय खाली आले, आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पहाटे धावणारा पन्नाशी-साठीचा वर्गही आता त्या रांगेत दिसतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांची वेगळी दौड असते. बदललेल्या सांध्यांनिशी ती पुरी करणारे तिथे आता नवलाईचे राहिलेले नाहीत.

सल्लाही त्याप्रमाणे सैल झाला आहे, पण सरसकट नाही. खुबा असेल, आधी धावायची सवय असेल, वजन आटोक्यात असेल तर अनेक सर्जन आज सहा महिने ते वर्षभराने मैदानावर किंवा ट्रेडमिलवर सावकाश सुरुवात करू देतात: थोडे चालणे, थोडे पळणे, दुखले की थांबणे. कधीच न धावलेल्याने सांधा बदलल्यावर धावायला शिकू नये, यावर मात्र अजून बऱ्यापैकी एकमत आहे.

या सगळ्यात वयाचा हिशोब उलटा निघतो. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली ब्रिटनच्या नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास आला. सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांपैकी शेकडा पाचांनाच उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागतो. पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदलणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण ३५ पर्यंत जाते. दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड, कारण तोवर हाड कमी झालेले असते. म्हणजे पन्नाशीतल्या धावपटूने आपले प्लास्टिक जपून वापरायला हवे. पंचाहत्तरीतल्याचे प्लास्टिक बहुधा त्याला पुरून उरणार आहे. म्हाताऱ्या धावपटूचा धोका झिजेचा नाही, पडण्याचा आहे. बर्गमन यांच्या यंत्राने सर्वांत मोठा भार जॉगिंगमध्ये नव्हे, अडखळण्यात नोंदवला होता, आणि सिमेंटमध्ये रोवलेल्या धातूच्या दांड्याभोवतीचे ठिसूळ हाड मोडले तर ते जोडणे खुबा बदलण्याहून कठीण जाते. म्हणूनच आता फिजिओथेरपिस्ट पंचाहत्तरीतल्या उत्साही रुग्णाला घड्याळ लावून पळवण्याआधी काही महिने एका पायावर तोल सांभाळायला, पायरी चढायला-उतरायला आणि मांडीचे, कुल्ल्याचे स्नायू घट्ट करायला लावतात. त्यात तो टिकला तर मग बुटांची चर्चा होते.